अंतर मोजणारा कॅमेरा आणि सुरतेची डिंडोली

मराठी माणसाच्या मनातली सुरत अजून १६६४ आणि १६७० या दोन सालांतच अडकून पडलेली आहे. शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, एवढं शाळेत शिकलो आणि तिथेच आपली सुरत संपली. फार तर कुणी 'सुरतेचं जेवण आणि काशीचं मरण' ही म्हण ऐकवतो. पण ज्या शहरात महाराजांचं घोडदळ दोनदा जाऊन परत आलं, त्याच शहरात नंतर लाखो मराठी माणसं जाऊन राहिली. ती लुटायला गेली नव्हती, यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहायला गेली होती. त्यांचा इतिहास आपल्या पुस्तकांत नाही. त्यांची छायाचित्रंही फारशी नाहीत.

आज लिहायचं आहे ते या दुसऱ्या सुरतेबद्दल, आणि तिच्याकडे पाहण्याच्या एका जुन्या यंत्राबद्दल. यंत्र म्हणजे रेंजफाइंडर कॅमेरा. मराठीत त्याला अंतरमापक म्हणता येईल. रस्त्यावरच्या छायाचित्रणाची जी परंपरा जगभर नावाजली गेली, तिचा मोठा भाग या कॅमेऱ्यावर उभा आहे. आता तुम्ही म्हणाल, जर्मनीचा कॅमेरा आणि सुरतेची डिंडोली यांचा संबंध काय? तोच शोधायचा आहे.

आधी यंत्र समजून घेऊ. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून पाहा, जमत नाही. दोन डोळ्यांना एकच वस्तू किंचित वेगवेगळ्या कोनांतून दिसते आणि त्या फरकावरून मेंदू अंतराचा अंदाज बांधतो. रेंजफाइंडर हेच करतो. कॅमेऱ्याच्या पुढच्या अंगाला काही सेंटिमीटर अंतरावर दोन खिडक्या असतात. एकीतून समोरचं दृश्य सरळ दिसतं. दुसरीतलं दृश्य आरशावरून किंवा लोलकातून फिरून त्याच दृश्याच्या मध्यभागी, एका लहान फिकट चौकोनात येऊन पडतं. समोर माणूस उभा असेल तर त्या चौकोनात त्याला दोन नाकं दिसतात. लेन्सची कडी फिरवत जायची. दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळलं, फोकस झाला.

ही युक्ती छायाचित्रकारांची नव्हे, तोफखान्याची. शत्रूचं जहाज किती दूर आहे हे कळल्याशिवाय तोफेचा कोन ठरत नाही. ग्लासगोच्या बार अँड स्ट्राउड या कंपनीने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ब्रिटिश नौदलासाठी असे अंतरमापक बनवायला घेतले. पुढे जर्मनीत ऑस्कर बारनाक या यंत्रज्ञाने सिनेमाची ३५ मिलिमीटर फिल्म वापरणारा छोटा कॅमेरा तयार केला. पहिलं महायुद्ध सुरू होण्याच्या सुमारासच त्याचे नमुने झाले होते, बाजारात तो आला १९२५ साली, लायका या नावाने. त्या पहिल्या लायकात अंतरमापक नव्हता. लोक तो वेगळा घेऊन वर बसवत. १९३२ साली लायकाच्या दुसऱ्या आवृत्तीत तो लेन्सशी जोडलेला आला, आणि त्याच वर्षी झाइस आयकॉनचा काँटॅक्स आला. तोफ डागण्यासाठी जन्मलेलं यंत्र अशा रीतीने कोटाच्या खिशात मावू लागलं. शत्रूचं अंतर मोजायचं ते आता रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचं मोजू लागलं. पुढे जे सांगायचं आहे त्याची गुरुकिल्ली या एका वाक्यात आहे.

१९५४ च्या लायका एम-३ ने आणखी एक सोय रूढ केली. अंतर जुळवायची आणि दृश्य पाहायची खिडकी एकच झाली आणि तिच्यात उजळ रेघांची चौकट दिसू लागली. चित्रात येईल ते रेघांच्या आत. पण रेघांबाहेरचंही दिसत राहतं. एसएलआर कॅमेऱ्यात तसं नसतं. तिथे लेन्समधून जेवढं दिसतं तेवढंच जग, आणि बटण दाबलं की आरसा वर उडून क्षणभर अंधार. रेंजफाइंडरवाल्याला चौकटीबाहेरून कोण येतंय ते आधीच कळतं आणि ऐन क्षणीही डोळ्यापुढे अंधार होत नाही. शिवाय आरशाचा खटका नसल्याने आवाज अगदी कमी. रस्त्यावर काम करणाऱ्याला आणखी काय हवं?

१९५९ साली निकॉन एफ आला आणि वृत्तपत्रांचे छायाचित्रकार हळूहळू एसएलआरकडे वळले. रेंजफाइंडर मरायला हवा होता, पण मेला नाही. लायकाने १९८४ सालचा एम-६ हा फिल्मचा कॅमेरा २०२२ साली पुन्हा बाजारात आणला. त्याची किंमत आपल्याकडे काही लाखांत जाते. यंत्रमाग कामगाराचं कित्येक महिन्यांचं वेतन एका कॅमेऱ्यात. असो.

आपल्याकडे हे कॅमेरे कसे आले, तो भाग आम्हां गोमंतकीयांच्या ओळखीचा आहे. मुक्तीपूर्व गोव्यात आयात मालावरची जकात हलकी होती. सीमेपलीकडे भारतात परकी चलनाच्या टंचाईने आयातीवर बंधनं येत गेली, तेव्हा पणजी-मडगावच्या दुकानांत परदेशी घड्याळं, पेनं, नायलॉनचं कापड आणि कॅमेरे मांडलेले असत. १९६१ नंतर तो दरवाजा बंद झाला, पण आमचे तारवटी होतेच. बोटीवरून रजेवर येणाऱ्या खलाशाच्या पेटीत ट्रान्झिस्टरच्या शेजारी जपानी कॅमेरा असायचा. पुढे आखाती देशांत गेलेल्यांनी हीच प्रथा चालवली. कॅनन, याशिका, मिनोल्टा यांचे मध्यम किमतीचे रेंजफाइंडर असे घराघरांत पोचले आणि बारसं, लग्न आणि चतुर्थीचा गणपती एवढ्यापुरते कपाटाबाहेर येत राहिले. ज्यांच्याकडे तारवटी नातेवाईक नव्हता त्यांना देशी मालावर भागवावं लागे. भारतात बनणारा आग्फा क्लिक-३ हा मध्यमवर्गाचा कॅमेरा. एका रोलात बारा चित्रं. त्यात अंतर मोजायची भानगडच नव्हती. दोन-चार पावलं मागे सरा आणि बटण दाबा. काळ्या-पांढऱ्या फिल्मसाठी १९६० साली स्थापन झालेल्या उटीच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्स या सरकारी कारखान्याचा 'इंदू' रोल. तो कारखाना आता बंद पडला आहे.

थोडक्यात, रेंजफाइंडर भारतात आला तो रस्त्यासाठी नाही, दिवाणखान्यासाठी. रस्त्यावर तो आणला बाहेरून आलेल्यांनी, आणि त्यांत सगळ्यांत मोठं नाव आंरी कार्तिए-ब्रेसाँ (१९०८-२००४) यांचं. १९३० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी लायका हातात घेतला आणि जन्मभर तो सोडला नाही. चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकायचे, पन्नास मिलिमीटरची लेन्स लावायची आणि गर्दीत मिसळून जायचं. १९४७ साली ते भारतात आले. ३० जानेवारी १९४८ रोजी त्यांनी गांधीजींची भेट घेतली होती. ते बाहेर पडले आणि थोड्याच वेळात गांधीजींची हत्या झाली. त्या रात्री आणि पुढच्या दिवसांत त्यांनी टिपलेली चित्रं जगभर छापली गेली.

पण मला आज त्यांचं दुसरंच चित्र आठवतं. १९६६ सालचं अहमदाबाद. मोकळ्या मैदानात बायका धुतलेल्या लांबच लांब साड्या उन्हात पसरत आहेत. कापड आहे, ऊन आहे आणि बायकांचे वाकलेले, उभे राहिलेले आकार आहेत. गुजरातेतल्या कापडाचं याहून प्रसिद्ध चित्र क्वचितच असेल. कित्येक वर्षं मी ते रचना म्हणून पाहत आलो. आता पाहताना प्रश्न पडतो तो वेगळा. हे कापड विणलं कुणी? चित्राला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं, आणि एकाच चित्राकडे सगळी उत्तरं मागू नयेत हे खरं. पण एवढ्या मोठ्या कापडउद्योगाच्या इतिहासात मागावर उभ्या असलेल्या माणसाचा चेहरा इतका विरळ का, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

कार्तिए-ब्रेसाँ यांच्या १९५२ सालच्या पुस्तकाची गंमत सांगण्यासारखी आहे. इंग्रजी जगात ते 'निर्णायक क्षण' अशा अर्थाच्या नावाने गाजलं आणि तो शब्दप्रयोग छायाचित्रकारांच्या तोंडी इतका बसला की तेच त्यांचं तत्त्वज्ञान मानलं गेलं. मूळ फ्रेंच नाव मात्र 'इमाज आ ला सोवेत' असं आहे. 'आ ला सोवेत' म्हणजे घाईघाईने, पळण्याच्या तयारीत. आणि हा शब्दप्रयोग फ्रेंचमध्ये खास करून वापरतात तो परवान्याशिवाय रस्त्यावर माल विकणाऱ्यांसाठी. पोलीस दिसला की पथारीची चार टोकं एकत्र धरून पळायचं, असा विक्रेता. म्हणजे रस्त्यावरच्या छायाचित्रणाच्या या धर्मग्रंथाला मुळात नाव आहे ते फेरीवाल्याचं! इंग्रजीत जाताना फेरीवाला गळला आणि क्षण तेवढा उरला. सुरतेच्या कुठल्याही बाजारात पालिकेची दबाण हटवणारी गाडी आली की लारीवाल्यांची जी धावपळ उडते ती ज्याने पाहिली आहे, त्याला हे मूळ नाव जास्त पटेल. रस्ता हे ज्याचं पोट आहे त्याचं नाव या कलेने उसनं घेतलं आहे. उसनं घेतलेलं परत करायचं असतं.

आता डिंडोलीकडे.

सुरत स्टेशनच्या दक्षिणेला उधना. तिथून तापी खोऱ्यातून जळगावला जाणारा रेल्वेफाटा फुटतो. १९०० च्या सुमारास हा मार्ग अमळनेरपर्यंत झाला तो मुख्यतः खानदेशचा कापूस आणण्यासाठी. बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव अशी स्टेशनं घेत गाडी जळगावला पोचते. नवापूरचं स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावरच्या एका बाकाच्या मधोमध राज्याची सीमा जाते. ज्या रुळांवरून आधी कापूस आला त्याच रुळांवरून पुढे माणसं आली. कोरडवाहू शेती, दुष्काळाची वर्षं आणि इकडे सुरतेत वाढत गेलेले आर्ट सिल्कचे यंत्रमाग. मुंबईच्या गिरण्या १९८२ च्या संपानंतर कोलमडल्या. सुरतेच्या मागांचा खडखडाट त्या काळात वाढतच गेला. उधना, लिंबायत, नवागाम, डिंडोली हा सगळा पट्टा खानदेशी माणसांनी, आणि त्यांच्यासोबत उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातून आलेल्यांनी भरत गेला. डिंडोली मुळात गाव. आता ती सुरतेचाच भाग आहे.

तिथे गेल्यावर मराठी माणूस चकित होतो तो ऐकून, पाहून नव्हे. पाट्या गुजराती आणि हिंदीत. पण ओट्यांवर बोलणं चालतं ते अहिराणीत. किराणा दुकानात कळण्याचं पीठ मिळतं, संध्याकाळी गाडीवर शेवभाजी. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या शाळाही चालवते. गुजराती, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू, इंग्रजी यांच्या जोडीला. छठपूजेचा तलाव आहे, तिथे बिहारी बायका सूर्याला अर्घ्य देतात. आणि श्रावणात, नागपंचमीनंतरच्या रविवारी, घरोघर कानबाई बसते. नारळाची कानबाई, तिला साडी, नथ, दागिने, रोटांचा नैवेद्य. सोमवारी वाजतगाजत विसर्जन. खानदेशात ज्या गावांतून तरुण माणसं निघून गेली तिथे जेवढी गर्दी होत नसेल तेवढी इथे होते.

या वस्त्यांकडे आजवर कॅमेरा कधी वळला? वळला तो संकटात. सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेगची बातमी पसरली. काही दिवसांत लाखो लोक शहर सोडून गेले. तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, टपापर्यंत लगडलेल्या गाड्या, कचऱ्याचे ढीग, ही चित्रं देशभर आणि जगभर छापली गेली. ज्यांना गावाकडे जाणारी गाडी होती ते कामगार त्या गाडीने गेले, आणि काही आठवड्यांनी मागावर परत आले. परत येतानाचं चित्र कुणी काढलं नाही. ती बातमी नव्हती. ऑगस्ट २००६ मध्ये तापीला पूर आला, शहर पाण्याखाली गेलं, तेव्हा कॅमेरे पुन्हा आले. पाणी ओसरल्यावर गेले. ज्या वस्तीचं चित्र फक्त प्लेगात आणि पुरात निघतं, तिचा चेहरा जगाला कायम घाबरलेलाच दिसतो.

याच मुलखाने एक थोर छायाचित्रकार दिली आहे. होमाय व्यारावाला १९१३ साली नवसारीला जन्मल्या, सुरतेपासून अगदी जवळ. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकल्या, आणि आरंभीची त्यांची छायाचित्रं पती माणेकशा यांच्या नावाने छापून आली, कारण बाईच्या नावाला तेव्हा वजन नव्हतं. पुढे दिल्लीत नेहरू, माउंटबॅटन, दलाई लामा, सत्तांतराचे सगळे सोहळे त्यांनी टिपले. हातात स्पीड ग्राफिक किंवा रोलायफ्लेक्स, अंगावर साडी. त्यांचं शेवटचं आयुष्य बडोद्यात गेलं आणि २०१२ साली त्या वारल्या. देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्यांचा गौरव होतो तो योग्यच आहे. पण त्यांच्या काळातल्या वृत्तछायाचित्रणाचं तोंड राजधानीकडे होतं. दक्षिण गुजरातेतला मजूर त्या चौकटीच्या रेघांबाहेरच राहिला.

तो चौकटीत आला शतक संपताना. यान ब्रेमन हे डच समाजशास्त्रज्ञ १९६० च्या दशकाच्या आरंभापासून दक्षिण गुजरातेत येत होते. आधी खेड्यांतले हळपती शेतमजूर, मग वीटभट्ट्या, खाणी, ऊसतोड, आणि शेवटी सुरतेचे माग. एकाच मुलखात दशकानुदशकं परत परत जाणारा अभ्यासक विरळा. २००० साली त्यांचं आणि अरविंद दास यांचं 'डाउन अँड आउट' हे पुस्तक ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलं. छायाचित्रं रवी अगरवाल यांची. मागाखालची, भट्टीवरची, रस्त्याकडेला झोपलेली, नाक्यावर कामाची वाट पाहणारी माणसं. संकट म्हणून नव्हे, रोजचा दिवस म्हणून. त्या पुस्तकात लेखक आणि छायाचित्रकार यांनी माणसांकडे जाण्यासाठी वेळ दिला आहे, आणि तो पानापानांवर दिसतो. माझ्या मते सुरतेच्या कामकरी रस्त्याचा पहिला खरा अल्बम तोच.

हे सगळं वाचून झाल्यावर मी डिंडोलीला गेलो तो श्रावणात, कानबाईच्या दिवसांत. खांद्याला एक जुना कॅनोनेट, १९७० च्या दशकातला, चाळीस मिलिमीटर लेन्सचा. एका तारवटी कुटुंबाच्या कपाटातून तो माझ्याकडे आला. त्याच्या उजेडमापकाला लागणारा पाऱ्याचा सेल आता बनत नाही. त्यामुळे उजेडाचा अंदाज डोळ्यांनीच. चारशे वेगाची फिल्म, कडक ऊन असेल तर एफ १६ आणि सेकंदाचा पाचशेवा भाग; ढगाळ असेल तर एफ ८ आणि अडीचशेवा भाग. एवढं पाठ असलं की पुरतं. एफ ८ ठेवून लेन्स तीन मीटरवर लावली तर दोन मीटरपासून साधारण साडेपाच मीटरपर्यंत सगळं स्वच्छ येतं. म्हणजे गल्लीचा अर्धा भाग आधीच फोकसमध्ये. डोळा लावायचा तो चौकट बघायला. छत्तीस चित्रं, मग रोल संपला.

ही छत्तीसची मर्यादा आणि तीन मीटरचं अंतर, दोन्ही गोष्टी माणसाला शिस्त लावतात. लांब लेन्स असती तर गल्लीच्या टोकाला उभं राहून कुणालाही न कळता चेहरे ओढून घेता आले असते. चाळीस मिलिमीटरला ते जमत नाही. माणसाचं चित्र हवं तर त्याच्या ओट्यापर्यंत जावं लागतं. आणि डिंडोलीच्या ओट्यापर्यंत गेलेल्याला प्रश्न विचारल्याशिवाय कुणी सोडत नाही.

"फोटू काढी ऱ्हायनात का भाऊ? तुम्ही कोनता गावना?"

साडीचे सुटलेले धागे कापत बसलेल्या एका मावशींनी मला हे विचारलं. सुरतेत हे काम घरोघर चालतं. साड्यांचे गठ्ठे येतात, बायका ओट्यावर बसून नगावर कापतात. मी गोव्याचा, फोंड्याकडचा, असं सांगितलं. मग त्यांचं गाव शिंदखेड्याकडचं निघालं, मग त्यांनी मला गोव्यात पाऊस किती पडतो ते विचारलं, मग कात्री पुन्हा चालू झाली आणि मला जणू विसरल्या. तेव्हा कुठे चित्र काढायची वेळ आली. माझ्या लक्षात आलं की 'कोनता गावना' हाही एक अंतरमापकच आहे. एका खिडकीत माझं गाव, दुसऱ्या खिडकीत त्यांचं. दोन्ही एकमेकांजवळ सरकवत न्यायची. जुळली तर बरं, नाही जुळली तर माणूस अस्पष्ट राहणार, लेन्स कितीही महाग असो.

दुसऱ्या ओट्यावर एक काका बसले होते. मागावर तीस-पस्तीस वर्षं काढलेली, आवाजाने एक कान जवळजवळ गेलेला. अंगात बनियन. कोसळलेल्या पावसानंतरचा मऊ उजेड त्यांच्या चेहऱ्यावर होता, मागे भिंतीला कुणाच्या तरी विसर्जनाची तोरणं. मी कॅमेरा उचलला तसा त्यांनी हात वर केला. थांबा. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून, डोक्यावर टोपी ठेवून बाहेर आले आणि खुर्ची मागवून ताठ बसले.

रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा कर्मठ उपासक म्हणेल, चित्र गेलं. क्षण गेला, सहजपणा गेला, आता हा स्टुडिओतला फोटो झाला. मला तसं वाटत नाही. ज्या माणसाला उभ्या जन्मात कामाच्या कपड्यांत सगळ्यांनी पाहिलं, त्याने स्वतःच्या चित्रात कोणता शर्ट घालावा हे ठरवण्याचा हक्क माझ्या निर्णायक क्षणापेक्षा मोठा आहे. बनियनवरचं चित्र कदाचित प्रदर्शनात लागलं असतं. शर्टाचं चित्र त्यांच्या घरात लागेल. दोन्हींतलं एकच काढता येणार असेल तर कोणतं काढावं, हा प्रश्न या कलेला पहिल्यापासून टाळता आलेला नाही. लायकाचा लहान आकार, काळी पट्टी, आवाज न करणारा पडदा ही सगळी साधनं माणसाला नकळत टिपण्यासाठी वापरली गेली, आणि त्यातून उत्तम चित्रं निर्माण झाली हे मी नाकारत नाही. पण पॅरिसच्या रस्त्यावर नकळत टिपला गेलेला माणूस आणि सुरतेचा स्थलांतरित कामगार यांची स्थिती सारखी नाही. दुसऱ्याला पालिका, पोलीस, ठेकेदार, घरमालक असे सगळेच नकळत पाहत असतात. आता चौकाचौकांत सीसीटीव्हीही आहे. त्याच्यावर आणखी एक नजर टाकायची तर ती त्याला दिसेल अशी असावी.

दिवाळीनंतर मी प्रिंट घेऊन परत गेलो. काकांनी स्वतःच्या चित्राकडे ओझरतं पाहिलं आणि बोट ठेवलं ते उजव्या कडेला. तिथे, चौकटीच्या अगदी काठावर, एक मुलगा दारात उभा होता. शटर दाबताना तो मला दिसला असेल, लक्षात राहिला नव्हता. शेजारचा, म्हणाले. दसऱ्याला वापीला कामाला गेला, आता त्याची आई एकटीच आहे. मग मला त्या चित्राची दुसरी प्रत मागितली, त्या आईसाठी. मी जे चित्र काढलं होतं त्याचं खरं मोल त्या कोपऱ्यात होतं, आणि ते मला त्यांनी सांगितलं.

आता खिशाखिशात फोन आहे आणि डिंडोलीची मुलं स्वतःच कानबाईची मिरवणूक टिपून क्षणात गावाकडे पाठवतात. हे फार चांगलं झालं. या वस्तीकडे पाहण्यासाठी आता गोव्याहून कुणी जायची गरज उरलेली नाही. पण फोनमधलं चित्र फोनबरोबर जातं, आणि पहिल्या पिढीचे जे थोडे कागदी फोटो आहेत, स्टुडिओतल्या रंगवलेल्या पडद्यापुढचे, मागाच्या खात्यात कुणीतरी काढलेले, लग्नातले, ते पत्र्याच्या पेट्यांत पुरात भिजून एकमेकांना चिकटले आहेत. सुरतेच्या मराठी माणसाचा इतिहास कुणी लिहायला घेतला तर त्याचे कागद हेच असणार आहेत.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या घरात, नात्यात, ओळखीत सुरतेला गेलेलं कुणी असेल तर त्यांच्याकडच्या जुन्या फोटोंच्या मागे पेन्सिलीने तीन गोष्टी लिहून ठेवा: नाव, गाव आणि साल. शाई नको, ती पुढे उमटते. आणि तुम्ही स्वतः रस्त्यावर कुणाचं चित्र काढलंत, मग कॅमेरा लाखाचा असो की फोनचा, तर एक प्रत त्या माणसाला नेऊन द्या. त्या निमित्ताने त्याचं गाव विचाराल.